अमेरिकेत एलपीएन व्हायचंय? आधी कागद, मग पुस्तक

आमच्याकडे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत उभी राहिले की दरवर्षी कुणीतरी मला गाठतं. "ताई, तुम्ही नर्सिंग केलंत ना? मलाही करायचंय. सुरुवात कुठून करू?" विचारणारी बहुधा पस्तिशीच्या आसपासची असते. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर इकडे आलेली, मुलं आता दिवसभर शाळेत असलेली. कुणीतरी तिला सांगितलेलं असतं की एलपीएन म्हणजे वर्षाचा कोर्स आहे, पटकन होतो.

वर्षाचा कोर्स आहे हे खरं. पण माझं ठरल्यापासून लायसन्स मिळेपर्यंत पावणेतीन वर्षं गेली, आणि अभ्यासाचं वर्ष त्यातलं एकच होतं. बाकीचा वेळ कागदांत गेला आणि त्यातला बराचसा क्रम चुकल्यामुळे गेला. जे आधी करायचं ते मी नंतर केलं. रांगेत पानावर पुरी येईपर्यंत एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे, ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने.

एलपीएन म्हणजे नेमकं कोण

एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन राज्यांत हिलाच एलव्हीएन, म्हणजे लायसन्स्ड व्होकेशनल नर्स म्हणतात. काम तेच, परीक्षा तीच.

खालून वर मोजायचं तर सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट), मग एलपीएन, मग आरएन (रजिस्टर्ड नर्स). सीएनए रुग्णाला अंघोळ घालते, भरवते, कुशीवर वळवते, स्वच्छ करते. एलपीएन औषधं देते, इन्सुलिन टोचते, जखमेचं ड्रेसिंग करते, कॅथेटर बघते, बीपी आणि साखर तपासते, आणि काही वेगळं दिसलं की आरएनला किंवा डॉक्टरला कळवते. रुग्ण दाखल झाल्यावरची पहिली संपूर्ण तपासणी आणि काळजीचा आराखडा हे आरएनचं काम. शिरेतून औषध देणं, रक्त चढवणं यांबाबत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. शेजारच्या राज्यातली मैत्रीण जे करते ते तुम्हाला चालेलच असं नाही.

आपल्याकडची एएनएम म्हणजेच एलपीएन, असं काही जण समजतात. दोन्ही कोर्स लहान आहेत, साम्य तेवढ्यावर संपतं. आपली एएनएम उपकेंद्रावर असते, गावात फिरते, लसी देते, गरोदर बायकांची नोंद ठेवते, बाळंतपणं करते. एलपीएनचं काम खाटेजवळचं, आणि ते बहुतेक म्हाताऱ्या माणसांचं.

आणखी एक शब्द आधीच सांगते, कारण तो मलाही चकवून गेला होता. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हटलं की एखाद्या डॉक्टरचं दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे ज्यांना घरी एकट्याने राहणं जमत नाही अशा वृद्ध, आजारी माणसांचं कायमचं किंवा दीर्घ मुदतीचं निवासस्थान. एलपीएन सगळ्यांत जास्त तिथेच काम करतात. मोठ्या हॉस्पिटलात नोकरी हेच तुमच्या मनातलं चित्र असेल, तर आरएनचाच विचार करा. बरीच हॉस्पिटलं आता एलपीएन कमी घेतात. पगाराचं म्हणाल, तर सरकारी कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार एलपीएनचं मध्य वेतन वर्षाला ६२,३४० डॉलर होतं. म्हणजे निम्म्या जणींना याहून कमी, निम्म्यांना जास्त.

कॅनडातल्यांसाठी दोन ओळी. तिथेही एलपीएन आहे, ओंटारिओत तिला आरपीएन म्हणतात. तिथला कोर्स साधारण दोन वर्षांचा असतो आणि परीक्षाही वेगळी. ओंटारिओ आणि ब्रिटिश कोलंबियात जानेवारी २०२२ पासून आरईएक्स-पीएन ही परीक्षा आहे. पुढचं सगळं अमेरिकेबद्दल आहे.

सगळ्यांत आधी व्हिसा

शाळांची माहितीपत्रकं मागवायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: कोर्स संपला त्या दिवशी मला कायद्याने काम करता येईल का?

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकायला बंदी नाही. काम करायला मात्र ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, लागतं, आणि ते सरसकट सगळ्या एच-४ बायकांना मिळत नाही. मे २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झालेला असेल, किंवा सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे त्याचा एच-१बी वाढवून मिळालेला असेल, तरच अर्ज करता येतो. एल-२ वरच्या, म्हणजे कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या, पती-पत्नीला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या ईएडीची गरज उरलेली नाही. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही.

याला जोडून सोशल सिक्युरिटी नंबर येतो. काही राज्यांची बोर्डं त्याच्याशिवाय लायसन्स देत नाहीत, आणि ईएडी नसलेल्या एच-४ ला तो नंबर मिळत नाही. कॅलिफोर्नियात आयटीआयएनवर, म्हणजे कर भरण्यासाठीच्या नंबरवर, अर्ज करता येतो. माझ्या माहितीतल्या एका मुलीने सगळा कोर्स उत्तम गुणांनी पूर्ण केला, आणि नंबर नाही म्हणून तिचं लायसन्स दीड वर्ष अडकलं. आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाला ईमेल पाठवून हा एक प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आज काढा, आणि व्हिसाचं स्वतःच्या वकिलाकडूनही तपासून घ्या.

गावाकडून फोन करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. एलपीएन हा अमेरिकेत येण्याचा रस्ता नाही. परदेशी नर्सेसना ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत 'शेड्यूल ए'ची जी सवलत आहे ती आरएनसाठी आहे, एलपीएनसाठी नाही. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनी तर एलपीएनच्या वर्गात नाव घालण्याआधी आपलं शिक्षण आरएनसाठी ग्राह्य धरलं जातं का ते बघावंच. त्यासाठी सीजीएफएनएस (आता नाव ट्रूमेरिट) ही संस्था महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून आणि तुमच्या कॉलेजकडून कागद मागवून तपासते. जे तीन-चार वर्षं शिकून झालंय ते इथे येऊन पुन्हा खालच्या पायरीवरून शिकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि फार वाईट वाटतं.

तुमचं नाव काय आहे?

ही पायरी कुठल्याच माहितीपत्रकात नसते आणि आपल्याकडच्या बायकांना तीच सगळ्यांत जास्त छळते.

बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काही घरांत लग्नात पाटावर तांदळात नवं नाव लिहिलं की पाळण्यातलं नावही जातं. म्हणजे अमेरिकन कारकुनाच्या हातात दोन कागद येतात आणि त्यांवर एकही शब्द सारखा नसतो. तो वाईट नसतो हो. त्याला खरोखर कळत नाही की ही एकच बाई आहे.

मी एका शाळेच्या प्रवेश परीक्षेला नाव नोंदवताना गुणपत्रिकेवरचं, म्हणजे माहेरचं आडनाव दिलं. वाटलं, शिक्षणाचं काम आहे, शिक्षणातलंच नाव हवं. दारात ओळखपत्र मागितलं, त्यावर सासरचं आडनाव. परत पाठवलं. पुढची परीक्षा चार महिन्यांनी होती, आणि तोवर त्या वर्षाच्या जागा भरल्या. चूक माझीच होती, पण तिने माझं एक वर्ष घेतलं.

म्हणून आजच एक नाव ठरवा, आणि ते ड्रायव्हिंग लायसन्सवर किंवा पासपोर्टवर अक्षरशः जसं आहे तसंच ठरवा. शाळा, प्रवेश परीक्षा, लसीकरण, सीपीआरचं कार्ड, बोर्डाचा अर्ज, शेवटची परीक्षा, सगळीकडे तेच नाव, तेच स्पेलिंग. जुन्या नावाशी जोडणारा पूल म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. पाळण्यातलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागेल. ती केलेली नसेल तर पुढच्या भारतभेटीच्या यादीत पहिल्या ओळीत लिहा.

बारावीचे कागद

एलपीएनच्या प्रवेशाची मूळ अट छोटी आहे: हायस्कूल पूर्ण, म्हणजे आपली बारावी, किंवा त्याऐवजी देता येणारी जीईडी परीक्षा. विज्ञान शाखाच हवी असं सहसा नसतं. वय किमान सतरा-अठरा, वर मर्यादा नाही. माझ्या वर्गात एकोणीस वर्षांची मुलगी होती आणि चौपन्न वर्षांच्या आजीही होत्या, त्यांना तीन नातवंडं.

पण आपली बारावी अमेरिकेच्या हायस्कूलच्या तोडीची आहे हे शाळा स्वतः ठरवत नाही. डब्ल्यूईएस, ईसीई यांसारख्या मूल्यमापन संस्थांचा अहवाल मागते. अहवाल दोन प्रकारचे असतात. एकात फक्त प्रमाणपत्र कशाच्या तोडीचं ते येतं, दुसऱ्यात विषयवार गुण आणि क्रेडिट. पहिला स्वस्त असतो म्हणून बहुतेक जणी तो घेतात आणि नंतर दुसऱ्यासाठी पुन्हा पैसे भरतात. पुढे आरएन करायचं थोडं जरी मनात असेल तर पदवीचा विषयवार अहवाल आत्ताच करून घ्या. तुमच्या इंग्रजीला, मानसशास्त्राला, संख्याशास्त्राला कदाचित सूट मिळेल. आणि पदवीचा अहवाल असला की काही शाळा बारावीचा वेगळा मागतही नाहीत, हेही विचारून घ्या.

गुणपत्रिका तुम्ही घरून पाठवलेल्या चालतीलच असं नाही. पदवीच्या असतील तर विद्यापीठाने, बारावीच्या असतील तर शिक्षण मंडळाने बंद पाकिटात, शिक्का मारून पाठवलेल्या मागतात. पुणे असो की मुंबई, विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन चलन भरणारं, आठवड्याने पुन्हा जाऊन पाकीट झालं का विचारणारं माणूस तिथे हवं. ते काम ज्या भावावर किंवा दिरावर सोपवाल त्याला अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत आधीच पाठवा. यात दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून हा कागद व्हिसाची खात्री झाल्याबरोबर सुरू करायचा, शाळा निवडून झाल्यावर नाही.

शिक्षण भारतात इंग्रजी माध्यमातून झालेलं असलं तरी बऱ्याच शाळा टोफेल किंवा स्वतःची इंग्रजीची चाचणी मागतात. यात अपमान मानू नका. रात्री फोनवर डॉक्टरची सूचना ऐकून ती जशीच्या तशी लिहायची असते, आणि तिथे चुकून चालत नाही.

शाळा कशी निवडायची

एकच अट अशी आहे जिच्यात तडजोड नाही: राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता. बोर्डाच्या संकेतस्थळावर मान्य शाळांची यादी असते. त्या यादीत नाव नसेल तर तिथे शिकून परीक्षेलाच बसता येणार नाही, मग इमारत कितीही चकचकीत असो. एसीईएनसारखी राष्ट्रीय मान्यता ऐच्छिक असते, पण पुढे आरएनला जाताना ती उपयोगी पडते.

त्याच संकेतस्थळांवर अनेक राज्यं प्रत्येक शाळेचा परीक्षेचा निकालही देतात, किती विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात पास झाले ते. शाळेच्या जाहिरातीपेक्षा मी या एका आकड्यावर विश्वास ठेवीन. आणि शाळेत गेलात की तोंडी विचारा, "तीस जणी सुरू करतात तेव्हा शेवटपर्यंत किती राहतात?" काही शाळांचा निकाल उत्तम दिसतो, कारण कच्च्या मुलींना परीक्षेआधीच गाळलेलं असतं.

शाळा तीन तऱ्हेच्या. कम्युनिटी कॉलेज, काउंटीच्या व्होकेशनल शाळा, आणि खासगी. पहिल्या दोन स्वस्त, पण जागा कमी आणि प्रतीक्षा यादी लांब. खासगीत लगेच प्रवेश मिळतो आणि फी कित्येक पट असते. ग्रीन कार्ड असेल तर एफएएफएसए, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरा. पेल ग्रँट ही परत न फेडायची मदत २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. एच-४ ला ती मिळत नाही. राज्यातल्या रहिवाशांचा कमी दर एच-४ ला लागू होतो की नाही हे राज्यावर आणि कॉलेजवर ठरतं, तेव्हा तो प्रश्न लेखी विचारा.

पूर्णवेळ कोर्स साधारण बारा ते अठरा महिन्यांचा. तास किती हवेत ते राज्य ठरवतं. कॅलिफोर्नियात किमान १,५३० तास, त्यांतले ५७६ वर्गातले आणि ९५४ क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांजवळच्या कामाचे. संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्गही असतात, त्यांना जास्त महिने लागतात. लहान मुलं असलेल्यांना ते सोयीचे वाटतात. माझं मत वेगळं आहे. घरात कुणी मदतीला असेल, आईला किंवा सासूबाईंना सहा महिने बोलावता येत असेल, तर पूर्णवेळ करा आणि मोकळ्या व्हा. दोन वर्षं रोज संध्याकाळी घराबाहेर राहणं मुलांना जास्त जड जातं.

प्रवेश परीक्षा

बहुतेक शाळा टीज किंवा हेसी यांपैकी एक परीक्षा घेतात. टीजमध्ये १७० प्रश्न, २०९ मिनिटं, चार भाग: वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. गणितात आपण घाबरत नाही, पण कॅल्क्युलेटर पडद्यावरचा असतो आणि मापं पौंड, औंस, इंच, फॅरनहाइट अशी येतात. सरावाशिवाय वेळ पुरत नाही. विज्ञानात शरीररचना बरीच असते. कॉमर्सवाल्यांनी तीन महिने द्यावेत, विज्ञानवाल्यांनी सहा आठवडे. गुण दोन-तीन वर्षंच ग्राह्य धरतात, म्हणून कागद तयार व्हायच्या आधी घाईने देऊन ठेवू नका.

दंडावरचा वण आणि बाकीचे आरोग्याचे कागद

प्रवेश पक्का झाला की शाळा एक लांब यादी देते, आणि सहसा सहा आठवड्यांची मुदत. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, टीडॅप, फ्लू, क्षयाची चाचणी. आपल्या लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड कुणाकडे असतं? माझ्या आईकडे मुलांच्या पत्रिका होत्या, लसींचं कार्ड नव्हतं. अशा वेळी टायटर नावाची रक्ततपासणी करतात, शरीरात प्रतिकारशक्ती आहे की नाही ते त्यातून कळतं. असेल तर पुन्हा लस लागत नाही.

हिपॅटायटिस बी मात्र आधीच बघा. त्याचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत विभागलेले असतात, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर. सहा आठवड्यांत हे बसवता येत नाही. मी आता सगळ्यांना सांगते, शाळेत अर्ज करायच्या दिवशीच डॉक्टरकडे जाऊन हिपॅटायटिस बीचं टायटर करा.

क्षयाच्या चाचणीचं तर आपल्यासाठी खास. आपल्या दंडावर बीसीजीचा वण असतो. इथे हाताच्या कातडीत टोचून जी चाचणी करतात ती बीसीजी घेतलेल्या माणसात क्षय नसतानाही उमटू शकते. मग छातीचा एक्स-रे, मग तज्ज्ञ, मग "नऊ महिने औषध घ्या" इथपर्यंत काहींचं गेलेलं आहे. त्याऐवजी क्वांटिफेरॉनसारखी रक्तचाचणी मागा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि बीसीजी घेतलेल्यांसाठी अमेरिकेचं सरकारी रोगनियंत्रण केंद्र सीडीसीही तीच पसंत करतं. पहिल्या भेटीत दंड दाखवा आणि स्पष्ट सांगा.

बाकीचं सोपं आहे. सीपीआरचं बीएलएस कार्ड दोन वर्षं चालतं; अमेरिकन हार्ट असोसिएशनचंच घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी तेच मागतात. बोटांचे ठसे आणि पोलीस तपासणी होते, लघवीची अमली पदार्थांसाठी तपासणी होते. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी शाळेत चालत नाही.

आधी सीएनए करावं का

सक्ती काही शाळांत असते, सगळीकडे नाही. माझा सल्ला, करा. केंद्राच्या कायद्यानुसार हे शिक्षण किमान ७५ तासांचं असतं, न्यू जर्सीत ९०, कॅलिफोर्नियात १६०. एवढ्यात तुम्हाला स्वतःबद्दल जे कळतं ते कुठल्याही पुस्तकातून कळत नाही.

माझी आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं एक बाई करायच्या. आम्ही त्यांना आयाबाई म्हणायचो. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही, आणि इतक्या वर्षांत ते विचारावं असं घरात कुणाला वाटलं नाही. इथे पहिल्या आठवड्यात मला एका नव्वदीच्या गृहस्थांना स्वच्छ करायचं होतं. हात थबकले. शिकवणाऱ्या बाईंनी पडदा ओढला, त्यांना नावाने हाक मारली, आता मी काय करणार आहे ते सांगितलं, परवानगी विचारली, आणि शरीराचा जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवून बाकी ब्लँकेटने झाकलेला ठेवला. कोमट पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघितलं. ते पाहिल्यावर आयाबाईंची इतकी आठवण आली की मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. हे काम हलकं वाटत असेल, किंवा घरच्यांना काय सांगू असा प्रश्न पडत असेल, तर तो प्रश्न सीएनएच्या वेळीच सोडवून टाका. एलपीएनची फी भरल्यावर तो सोडवणं महाग पडतं.

ते वर्ष

शरीररचना, औषधशास्त्र, मेडिकल-सर्जिकल, माता-बाल, मनोविकार, वृद्धांची काळजी. आठवड्यातले दोन-तीन दिवस वर्ग आणि स्किल्स लॅब, दोन-तीन दिवस क्लिनिकल. क्लिनिकलला पावणेसातला वॉर्डात हजर, म्हणजे घरून पहाटे निघायचं. पास व्हायला बऱ्याच शाळांत ७५ टक्क्यांच्या वर लागतं. आपल्याकडच्या पस्तीसची सवय इथे विसरा. औषधाच्या मात्रेच्या गणिताची वेगळी परीक्षा असते आणि तिथे ९० टक्के किंवा पूर्ण गुणही मागतात.

आपल्याला अडखळायला लावणाऱ्या काही बारीक गोष्टी. तारीख आधी महिना, मग दिवस. चार्टमध्ये ५/८ लिहिलंत तर ती आठ मे होते, पाच ऑगस्ट नाही. वेळ चोवीस तासांची. वजन पौंडात सांगतील, मात्रा किलोवर काढायची, म्हणून २.२ ने भागायचं. अपूर्णांक लिहिताना आधी शून्य हवंच, ०.५ असं, आणि पूर्णांकानंतर शून्य नकोच, ५.० लिहिलं आणि टिंब दिसलं नाही तर रुग्णाला पन्नास जातात.

औषधांची नावंही बदलतात. आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड. भारतात नर्सिंग केलेल्यांनी ही जोडनावं आधी पाठ करावीत, कारण त्यांचा हात जुन्या नावाकडे आपोआप जातो.

दागिन्यांचं विचारतात म्हणून सांगते. बांगड्या, लांब नखं, चिकटवलेली नखं चालत नाहीत, जंतूंमुळे. साधी अंगठी आणि छोटी कुडी चालते. मंगळसूत्र रुग्णाच्या अंगावर लोंबता कामा नये. गोंधळलेला रुग्ण ते ओढतो आणि दोघांनाही इजा होते. मी ते क्लिनिकलच्या दिवशी घरी देवापाशी ठेवायचे. टिकलीला कुणीही कधी हरकत घेतली नाही.

एनक्लेक्स-पीएन

एलपीएनच्या लायसन्ससाठीची शेवटची परीक्षा ती हीच. कोर्स संपला की शाळा बोर्डाला कळवते. तुम्ही दोन अर्ज करायचे: एक बोर्डाकडे लायसन्ससाठी, दुसरा परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे परीक्षेसाठी, त्याची फी २०० डॉलर. बोर्डाने हिरवा कंदील दाखवला की एटीटी नावाचं, परीक्षेला बसायच्या परवानगीचं पत्र ईमेलने येतं, त्यावर मुदत असते. त्या मुदतीत परीक्षा दिली नाही तर फी गेली. एटीटीवरचं नाव आणि ओळखपत्र एकदा शेजारी ठेवून बघा. (तुम्ही आधीच एक नाव ठरवलेलं असेल, तर हे काम दोन सेकंदांचं.)

परीक्षा कॉम्प्युटरवर, पाच तासांची. प्रश्न किमान ८५, जास्तीत जास्त १५०, त्यांतल्या पंधरांचे गुण धरत नाहीत. तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा की कठीण ते ठरतं, आणि तुम्ही पास की नापास याची कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. त्यामुळे ८५ व्या प्रश्नाला पडदा बंद झाला म्हणजे पास, किंवा १५० पर्यंत गेली म्हणजे नापास, असं काही नाही. एप्रिल २०२३ पासून एकाच रुग्णावर सहा प्रश्नांची मालिका अशी प्रकरणं येतात, आणि अनेक बरोबर उत्तरं निवडायच्या प्रश्नांत थोडे गुणही मिळतात.

आपण पाठांतरात पक्के असतो, आणि याच परीक्षेत ते पुरत नाही. प्रश्न विचारतो, चार रुग्णांपैकी आधी कुणाकडे जाल? चौघांचे आजार तुम्हाला माहीत असतात, पण श्वास कुणाचा धोक्यात आहे ते ओळखायचं असतं. आणि सतत ध्यानात ठेवायचं की उत्तर एलपीएनने द्यायचं आहे: कुठे स्वतः करायचं, कुठे आरएनला कळवायचं, कुठलं काम सीएनएवर सोपवता येतं. कोर्स संपल्यावर दीड-दोन महिन्यांत परीक्षा द्या. मुलांच्या सुट्टीत भारतात जाऊन आल्यावर देऊ म्हणणाऱ्यांचा हात सुटतो. नापास झालात तर किमान ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

लायसन्स आल्यावर

पहिली नोकरी बहुधा नर्सिंग होममध्ये, आणि संध्याकाळची किंवा रात्रीची. वीस-तीस रहिवाशांची मेड पास, म्हणजे गोळ्यांची गाडी घेऊन खोलीखोलीत फिरणं, ठरलेल्या वेळेच्या आत. पहिले तीन महिने घरी येऊन रडू येतं. मुलाखतीत पगाराआधी दोन गोष्टी विचारा: ओरिएंटेशन किती दिवसांचं, आणि रात्री इमारतीत आरएन असते का. तीन दिवसांचं ओरिएंटेशन देणाऱ्या ठिकाणी पहिली नोकरी धरू नका, ताशी चार डॉलर जास्त मिळत असले तरी.

नवऱ्याची बदली होण्याची शक्यता असेल तर नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट बघून ठेवा. त्यात सहभागी राज्यांत एकाच मल्टिस्टेट लायसन्सवर काम करता येतं, पण त्यांतल्या दुसऱ्या राज्यात कायमचं राहायला गेलात तर ६० दिवसांत तिथल्या लायसन्ससाठी अर्ज करावा लागतो. न्यू जर्सी आणि टेक्सास त्यात आहेत, कॅलिफोर्निया नाही. कॅलिफोर्नियात काम करायचं तर तिथलं वेगळं लायसन्स आधी घ्यावं लागतं. लायसन्सचं नूतनीकरण बहुतेक राज्यांत दर दोन वर्षांनी असतं, काही राज्यांत ठरावीक तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, कॅलिफोर्नियात तीस तास.

आरएन करायचं असेल तर एलपीएनना थेट पुढच्या टप्प्यात घेणारे ब्रिज कोर्स आहेत. त्यांना शरीररचना आणि मायक्रोबायोलॉजीची कॉलेजची क्रेडिट लागतात, आणि बरीच कॉलेजं पाच-सात वर्षांपूर्वीची विज्ञानाची क्रेडिट धरत नाहीत. नोकरी लागून सहा महिने झाले, अंगवळणी पडलं, की कम्युनिटी कॉलेजात त्यांतला एक विषय संध्याकाळी घ्या. नर्सिंग होमच्या मनुष्यबळ विभागात फी भरून देण्याची योजना आहे का ते मात्र नाव नोंदवायच्या आधी विचारा, कारण भरून झालेली फी सहसा परत देत नाहीत.